इंजिनाचे हेड उतरवण्याआधी



पावसाळ्यात भाटघरचे धरण तुडुंब भरलेले पाहिले की परक्याला वाटते, काठच्या गावांना पाण्याची काय ददात! पण वेळवंडी नदीवरचे हे साडेतेवीस टीएमसी पाणी मुख्यतः नीरेच्या दोन कालव्यांचे आहे. ते बारामती, इंदापूर, फलटणकडे निघून जाते आणि चैत्र-वैशाखात काठचा शेतकरी मागे हटणाऱ्या पाण्यापाठोपाठ पंप व पाइप घेऊन खाली खाली उतरत राहतो. जिथे विजेची तार पोचत नाही तिथे डिझेल इंजिनाचाच आधार. आणि उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा भरायच्या दिवसांतच नेमके त्याचे हेड गॅस्केट उडते.

हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. त्या दोहोंमधले गॅस्केट म्हणजे कुकरच्या झाकणातल्या रिंगेसारखेच. फरक इतकाच की त्याला आतला जाळ आणि बाजूने खेळणारे पाणी दोन्ही अडवावे लागते. ते फुटले की इंजिन सुरू होताना दम लागत नाही, जोडाशी फुसफुस होते, थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतात, कधी धुरातून वाफ निघते. ऑइल दुधासारखे पांढुरके झाले तर पाणी खाली उतरले असे समजा. अशा वेळी हँडल जोराने मुळीच मारू नका. पिस्टनवर पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडक्या पैशांचे काम हजारांवर जाते.

नवे गॅस्केट आणून बसवायची घाई सगळ्यांनाच असते. पण इंजिन मुळात तापले का, हे आधी शोधा. आपल्या पंपाचेच थोडे पाणी नळीने इंजिनात फिरवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. धरण उतरले की ते पाणी गढूळ होते आणि गाळ सिलिंडरभोवतीच्या पोकळीत थर धरून बसतो. बाहेर पडणारी धार करंगळीएवढी बारीक झाली, तरी पंप भरभरून पाणी फेकतो म्हणून तिकडे कोणी पाहत नाही. मग तापलेल्या इंजिनावर कोणी बादलीभर गार पाणी ओततो! त्याने हेडला तडा जातो. तसे कधीही करू नये.

हेड उतरवायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. पाणी सोडा, डिझेलची नळी काढून दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करा. धूळ आत गेली तर नोझल बिघडते. रॉकर व पुशरॉड काढताना कोणता कुठला याची खूण ठेवा. नट एकदम एकेक काढू नयेत, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत. हेड चिकटले असेल तर लाकडी हातोडीने ठोका. फटीत छिन्नी घालणारे मिस्त्री आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. त्या ओरखड्यातूनच पुढे दम सुटतो.

जुने गॅस्केट लगेच फेकू नका. जाळ जिथून निसटला तिथे काळी वाट दिसते. तिच्यासमोर हेडवर सरळ पट्टी उभी धरून फिलर गेजने फट पाहा. हेड वाकलेले निघाले तर भोरला किंवा पुण्याला नेऊन फेस मारून आणावे लागेल. त्याशिवाय नवे गॅस्केट टिकणार नाही. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे खरवडू नका. ओले करून काढा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. पोकळीतला गाळ मात्र तारेने उकरून, पाण्याने धुऊन पुरता काढा. खरे काम हेच आहे.

नवे गॅस्केट त्याच मॉडेलचे, त्याच जाडीचे घ्या. जाड बसले तर दम कमी पडतो, पातळ बसले तर पिस्टन हेडला लागायची भीती. जाणता मिस्त्री पिस्टनवर शिशाची तार ठेवून हे अंतर मोजतो. नट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, पुस्तकात दिलेल्या जोराने टॉर्क पान्याने आवळावेत. पान्याला पाइप लावून अंगचा जोर दाखवण्याचे हे ठिकाण नव्हे. नंतर टॅपेट लावा, डिझेलची हवा काढा. पुस्तकात सांगितले असेल तर इंजिन चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासा.

जीप किंवा मोटारीचे तत्त्व हेच, पण चार सिलिंडरच्या लांब हेडचे बोल्ट साधारणपणे मधून सुरू करून कडेकडे आवळतात. शिवाय टायमिंगची साखळी वा पट्टा सुटतो आणि कित्येक नव्या गाड्यांचे हेडबोल्ट दुसऱ्यांदा वापरता येत नाहीत. वरंधा घाट चढताना गाडी तापली तर थांबा, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते. ते काम गॅरेजवरच सोपवा.

पाण्यातल्या फूटव्हॉल्व्हभोवती जाळीची टोपली बांधून ती चिखलावर न टेकवता पाण्यात अधांतरी ठेवली, तर गाळ पुष्कळ कमी येतो. दिवसातून दोनदा इंजिनातून बाहेर पडणारी धार पाहायचे काम घरात कोणालाही सांगता येईल. ती बारीक दिसली की इंजिन बंद करायचे, मालक शेतात असो वा बाजाराला.