पन्नास उतारे एका दुपारात झाले, पण विकायचे किती?



मागच्या रविवारी हुडकेश्वरच्या आपल्या बॅचला एक ताई लॅपटॉप घेऊनच आल्या. त्या घरी चौथी-पाचवीची शिकवणी घेतात, आणि बहुतेक मुलांच्या घरी हिंदी. एआयकडून एका दुपारात पन्नास मराठी उतारे काढून घेतले होते, प्रत्येकाखाली पाच प्रश्न. "सर, पीडीएफ 199 रुपयांना टाकू का?"

मी म्हटलं, नका टाकू.

मागणी नाही असं नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यात आपलं नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी, त्यामुळे हिंदी घरं गल्लोगल्ली. गिऱ्हाईक आहेच. प्रश्न मालाचा आहे.

आम्ही तिथेच तान्ह्या पोळ्याचा उतारा उघडला. त्यात मुलं शेतातले खरे बैल घेऊन मिरवत होती! लाकडी बैल नाही, घरोघरी जाऊन बोजारा मागणं नाही. हुडकेश्वरचं पोरगं हे वाचून हसेल, आणि त्याची आई पुढचा संच घेणार नाही. एआयला याचं काहीच वाटणार नाही. नाव ताईंचं जाईल.

त्याहून मोठी गोची प्रश्नांत होती. हे वाक्य बघा: "गमटूने झिंपी फोडली." प्रश्न: गमटूने काय फोडले? उत्तर: झिंपी. आलं ना उत्तर? अर्थ मात्र शून्य. ताईंच्या पाचपैकी चार प्रश्न असेच होते. मूल वाक्य उचलून उतरवतं, पालक खूश, वाचन तिथंच. "बोजारा मिळूनही रिया हिरमुसली का?" असा प्रश्न हवा. त्याचं उत्तर एका ओळीत सापडत नाही, सगळा उतारा वाचावा लागतो.

माझ्या मते धंदा इथेच आहे. हिंदी घरातलं मूल मराठीत कुठे अडतं, हे ताईंना दहा वर्षं शिकवून माहीत आहे. "शिक्षा" वाचलं की त्याला शिक्षण आठवतं, "चेष्टा" म्हणजे प्रयत्न वाटतो. अशा शब्दांची यादी ताईंनी एआयला द्यायची आणि सांगायचं, यातले दोन शब्द वापरून ऐंशी शब्दांची, छोट्या वाक्यांची गोष्ट लिही. एक मिनिटात येते. पुढची पंचवीस मिनिटं ताईंची: लिंग-वचन तपासा, मोठ्याने वाचा, प्रश्न बदला, दोन मुलांकडून सोडवून घ्या. किंमत लावायची ती या पंचवीस मिनिटांची. पालकांनी विचारलं तर एआय वापरलं हे बिनधास्त सांगा.

आणि हो, बालभारतीचे धडे एआयमध्ये टाकून, थोडे बदलून विकू नका. त्यावर कॉपीराइट आहे. तयार गोष्टच हवी असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत, लेखक-चित्रकारांचं श्रेय देऊन धंद्यासाठीही वापरता येतात.

ताईंनी पन्नासातले अकरा उतारे ठेवले. एक पुन्हा लिहिताना वैतागून सोडला, म्हणून दहांचा संच, छापील, 149 रुपये. बेसा रोडच्या एका सोसायटीत चार घरांनी घेतलाय. पैसे अजून दोघांचेच आलेत. उधारीवरचा व्हिडिओ त्यांना पाठवलाय.