मुदतवाढ वकिलातीच्या हातात नसते

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे पुण्यातले बरेच लोक विसरतात. तिथल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधून मुले न्यू जर्सी, डॅलस, लंडनला गेली आणि त्यांच्यामागून बाळंतपणाला, बारशाला आईवडीलही जाऊ लागले. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे अशा आईवडिलांची परतीची तिकिटे रद्द झाली. तेव्हापासून एक तक्रार आमच्याकडे घट्ट रुजली आहे: ‘व्हिसा संपत आला होता, आपल्या दूतावासाला कळवलं, पण त्यांनी वाढवून दिला नाही.’ कुठे युद्ध पेटले, विमाने थांबली, की ती पुन्हा ऐकू येते. यातला संताप खरा आहे. पत्ता मात्र चुकला आहे.

अमेरिकेत किती दिवस राहायचे हे अमेरिका ठरवते. भारताच्या वकिलातीला त्यात एक दिवसही घालता येत नाही. १९६३च्या व्हिएन्ना करारात वकिलातींची कामे लिहून ठेवली आहेत. आपल्या नागरिकांना पासपोर्ट देणे, आपल्या देशात येऊ इच्छिणाऱ्यांना व्हिसा देणे, अडलेल्या नागरिकांना मदत करणे ही त्यातली काही. यजमान देशाचा व्हिसा वाढवणे त्यात नाही, असूही शकत नाही.

पटत नसेल तर उलट बाजूने पाहा. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आहे, पौडजवळ महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. दोन्हीकडे परदेशी विद्यार्थी शिकतात. टाळेबंदीत अशा विद्यार्थ्याचा व्हिसा संपत आला असता तर तो दिल्लीतल्या आपल्या दूतावासाने वाढवला असता का? नाही. त्यासाठी भारताच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडेच ऑनलाइन अर्ज करायचा होता, आणि आपल्या गृहमंत्रालयाने तेव्हा ही मुदतवाढ विनाशुल्क दिली. परक्या दूतावासाने परस्पर भारतात राहण्याची परवानगी वाटली असती तर त्याला आपण घुसखोरी म्हटले असते. मग आपल्या दूतावासाने दुसऱ्याच्या घरात तेच करावे, ही अपेक्षा कुठल्या न्यायाने?

दुसरा समज याहून घातक. ‘विमानेच बंद आहेत, मग मुदत आपोआप वाढणारच.’ पण वाढ द्यायची की नाही आणि किती, हे ज्या-त्या देशाच्या मर्जीवर असते. ब्रिटनने २०२०मध्ये अडकलेल्यांना सवलत दिली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ जुलैपर्यंत नेली. संयुक्त अरब अमिरातींनी १ मार्चनंतर संपलेले व्हिसा वर्षअखेरपर्यंत ग्राह्य धरू असे आधी जाहीर केले आणि जुलैत तो निर्णय फिरवला. पहिली बातमी वाचून निर्धास्त झालेल्यांची त्यामुळे पंचाईत झाली.

अमेरिकेने तर पर्यटकांना सरसकट वाढ दिलीच नाही. तिथे आपले लोक आणखी एका गोष्टीत फसतात. ‘आमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे’ असे सांगत ते निवांत बसतात. पण दहा वर्षे ही दाराशी येण्याची मुभा आहे. आत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आईवडिलांना बहुधा सहा महिने मिळतात आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती उलटण्याआधी आय-५३९ हा अर्ज तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे भरायचा. अर्ज वेळेत गेला, तर निकाल लागेपर्यंतचा मुक्काम बेकायदा धरत नाहीत. अर्जच केला नाही आणि बेकायदा मुक्काम १८० दिवसांपुढे गेला, तर देश सोडल्यावर तीन वर्षे प्रवेशबंदी. वर्षभर झाला तर दहा वर्षे. वकिलातीला ईमेल पाठवून उत्तराची वाट बघण्यात ही तारीख निघून जाते, हे खरे नुकसान.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. ते म्हणतात, ‘मग दूतावासाचा काय उपयोग? त्यांच्या वाटेला जाऊच नका.’ हेही तितकेच खोटे. मुदतवाढ मागायची तर वैध पासपोर्ट लागतो, आणि परदेशात तो नवा करून देणे वकिलातीचेच काम आहे. (आणीबाणीचे प्रवासपत्र मागू नका. ते भारतात परतण्यापुरतेच असते, तिथे राहायला कामाचे नाही.) युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसा नियमांत कलम ३३ आहे. आवाक्याबाहेरच्या कारणाने परतता येत नसेल, तर तिथले अधिकारी शुल्क न घेता मुदत वाढवतात. मात्र तसे पटवणारा पुरावा द्यावा लागतो. भारतात विमाने उतरत नाहीत, असे दूतावासाचे पत्र त्या फायलीत असले तर वजन पडते. ते पत्र हक्काने मागावे.

पैशांचेही तसेच. २००९मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. खरी गरज असलेल्याला त्यातून राहण्याजेवण्याची, तिकिटाची सोय करता येते; स्वतःचा दोष नसताना मुक्काम लांबला आणि किरकोळ दंड झाला तर तोही भरता येतो. पासपोर्ट वगैरे कामांसाठी परदेशातले भारतीय जे शुल्क भरतात, त्यातून हा निधी उभा राहतो. तो मागणे म्हणजे याचना नव्हे. आखातातल्या मजुराला हे कोणी सांगत नाही, आणि आयटीवाल्याच्या घरी माहीत असले तरी मागायची लाज वाटते.

सरकारला मात्र एवढ्यावर सोडता येणार नाही. २२ मार्च २०२० रोजी आकाश आपणच बंद केले. अडकलेल्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमाने निघाली ७ मे रोजी, आणि तिकिटाचे पैसे प्रवाशांनीच भरले. मधला दीड महिना परतीचा दरवाजा भारतानेच आतून लावलेला होता. ज्याने दार लावले त्यानेच शेजाऱ्याला सांगायचे असते, ‘आमची माणसे तुमच्याकडे थांबली आहेत, त्यांना गुन्हेगार धरू नका.’ एकेका कुटुंबाने वकिलातीला विनवण्या करण्यापेक्षा एका सरकारने दुसऱ्याकडे अडकलेल्या सर्वांसाठी एकदम सवलत मागणे, हीच दूतावासाची खरी मुदतवाढ.

म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडे मागणी एवढीच करावी: पुढच्या वेळी विमाने थांबवण्याचा आदेश निघेल, त्याच दिवशी प्रत्येक दूतावासाने यजमान सरकारकडे सवलतीची लेखी विनंती करावी आणि तिची प्रत लोकांसाठी जाहीर करावी.