परिषदेतील ओळखी कोणाच्या कामी येतात?

शिक्षण परिषदांतील भाषणे यथावकाश छापली जातात आणि विसरली जातात. टिकतात त्या चहापानाच्या वेळी झालेल्या ओळखी. संस्थाचालक, प्रकाशक, शैक्षणिक साधनांचे विक्रेते आणि अधिकारी तेथे परस्परांस भेटतात व पुढील परिषदेचे निमंत्रण पदरात पाडून घेऊन परततात. ओळखी होण्यात गैर काहीच नाही. त्या कोणाच्या होतात आणि त्यांतून पुढे काय निपजते, हा खरा प्रश्न आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची त्यांचीच योजना विचारार्थ होती. जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन यांनी तिच्यातील उणिवांवर भर सभेत बोट ठेवले, अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनीही आक्षेप घेतले. अभ्यासक्रम ठरविण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद मात्र झाकीर हुसेन यांच्याकडेच सोपविण्यात आले, आणि शहांनाही तीत स्थान मिळाले. विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा त्यांच्यासोबत बसले आणि सहा आठवड्यांच्या आत अहवाल सिद्ध झाला. नई तालीम पुढे का मागे पडली, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु टीकाकाराला कामात सामील करून घेतले की दोन दिवसांच्या परिचयाचेही सहकार्य होते, हा धडा आजही घेण्यासारखा आहे.

वर्ध्याची ही मंडळी नामवंत होती. सामान्य शिक्षकांत असे नाते जुळते काय? मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने याचे उत्तर दिले आहे. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तेथील सोळा शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. विद्यापीठांतील शास्त्रज्ञ शिबिरांत खेड्यांतल्या शिक्षकांसमवेत बसत. शिक्षक दरमहा एकत्र येऊन वर्गातील अडचणी मांडीत, आणि त्यांच्या अनुभवानुसार पाठ्यपुस्तकातील पाठ बदलले जात. ओळख टिकली ती या दरमहाच्या कामामुळे. उपक्रम शेकडो शाळांत पसरला. तरीही २००२ साली, विरोधाला न जुमानता, राज्य सरकारने तो बंद केला. सरकारी हुकमापुढे केवळ परस्परस्नेह तोकडा पडतो. त्यामागे पालकांचे आणि शिक्षक संघटनांचे संघटित बळ लागते, हे त्यातून शिकावयाचे.

महाराष्ट्रात केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतच असतात. त्यांचा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात गेला, तर शेजारच्या दोन गावांचे शिक्षकही एकमेकांस अपरिचितच राहतात. तेथील विषय शिक्षकांनी ठरवावेत, आणि एकाने मांडलेली अडचण दुसऱ्याने आपल्या वर्गात पडताळून पुढील महिन्यात सांगावी. मोठ्या परिषदांनी द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाला प्रवासखर्च देऊन बोलवावे, आणि श्रोत्यांत न बसविता व्यासपीठावर बोलते करावे.

परिषदेचे यश उपस्थितांच्या आकड्यावरून मोजण्याची रीत आता सोडून द्यावी. सहा महिन्यांनंतर तेथे भेटलेल्यांपैकी किती जण एकत्र काम करीत आहेत आणि त्याचा लाभ कोणत्या मुलांना झाला, हे विचारावे. याचे उत्तर नसेल, तर तो खर्च शाळेच्या ग्रंथालयावर केलेला बरा.