पंचाला परीक्षा, गुडघ्याला कोणीही

मा. अध्यक्ष, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, पुणे
यांस



दिवाळी झाली की कर्जत-खालापुरात कबड्डीचे सामने लागतात. आज कशेळ्याला, उद्या चौकला, परवा वावोशीला. शिट्टी वाजवणाऱ्या पंचाला राज्य कबड्डी असोसिएशनची पंच परीक्षा द्यावी लागते. पण पकडीत गुडघा पिळवटून पोरगा खाली बसला, की आत धावतो तो ज्याच्या हातात स्प्रे असेल तो. त्याला कसलीच परीक्षा नाही.

पाय मुरगळला तर एक वेळ निभावतं. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला खेळाडू मात्र दहा मिनिटांनी लंगडत उठतो, सूज उतरली की पुन्हा चढाईला जातो आणि गुडघ्यातली गादीही फाडून घेतो. खांदा निखळला की कोणीतरी हात ओढून ‘बसवतो’. त्यात नस दुखावते, कधी हाडाचा टवका उडतो. डोकं आपटून गरगरलेल्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला परत मैदानात उतरवतात, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. मानेला मार लागलेल्याला चौघं उचलून टेंपोत घालतात. पुढे उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट पनवेल, कामोठे. तो रस्ता तुम्ही-आम्ही आखूड करू शकत नाही. पहिल्या पाच मिनिटांत काय करू नये, एवढं मात्र शिकवता येतं.

अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र व्यवसाय आहे, अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा. कॅलिफोर्निया सोडलं तर सगळीकडे त्यावर राज्याचं नियंत्रण आहे. त्यांची अडचण पुढची: परवाना राज्याच्या हद्दीपुरता आणि संघ तर शेजारच्या राज्यात खेळायला जाणार. 2018 मध्ये केंद्रीय कायदा करून संघाबरोबर प्रवास करणाऱ्यांना त्यांनी संरक्षण दिलं. आता राज्याराज्यांत परवाना-करार करण्याची खटपट चालू आहे. त्यासाठी प्रत्येक विधिमंडळाची मंजुरी लागते.

आपल्याकडे कोणी म्हणेल, आधी राज्यांनी आपापले परवाने द्यावेत, करारांचं नंतर पाहू. मला हे पटत नाही. आपल्या संविधानात खेळ राज्यसूचीत आहे, पण वैद्यकीय व इतर व्यवसाय समवर्ती सूचीत, नोंद 26. म्हणजे 28 वेगळे परवाने काढून मग त्यांना टाके घालत बसायची आपल्याला गरजच नाही. पनवेलच्या आरटीओचा वाहन चालवण्याचा परवाना घेऊन आमचा टेंपोवाला संघाला वापीला, बेळगावला नेतो, त्याला कोणी अडवत नाही. सोबत गेलेल्या ट्रेनरचंही तसंच असावं.

चौकट तयार आहे. 2021 च्या तुमच्या आयोगाच्या कायद्यात केंद्रीय नोंदवही आहे. अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट आहेत, पावलांचे तज्ज्ञ आहेत, नृत्योपचार करणारे आहेत, परिसंस्थातज्ज्ञसुद्धा आहेत. मैदानावरचा ट्रेनर तेवढा नाही. कायद्याची अंमलबजावणी करा, हे राज्यांना ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही, यावर सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीहून पत्र निघालं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. एवढी तत्परता आमच्या वाट्याला आली तर बरं होईल.

अध्यक्ष महोदय, क्रीडा ट्रेनर हा व्यवसाय अनुसूचीत घ्यावा आणि त्याची नोंदणी पहिल्या दिवसापासून देशभर चालावी.

आयुक्त महोदय, गावच्या प्रत्येक सामन्याला पदवीधर फिजिओ हवाच, असा आदेश कृपा करून काढू नका. रात्री अकराला कडावला कोण येणार? सह्या तेवढ्या भाड्याने मिळू लागतील. जिल्हा आणि राज्य स्पर्धांना नोंदणीकृत माणूस सक्तीचा करा. गावासाठी तालुक्याच्या ठिकाणी चार-पाच दिवसांचा वर्ग घ्या आणि प्रत्येक मंडळाच्या दोघांना प्रमाणपत्र द्या. वर्षानुवर्षं मालीश करणारे आमचे जुने गडी त्या वर्गाला आधी बोलवा. पोरं त्यांचंच ऐकतात. चक्कर आलेल्या खेळाडूला बाहेर ठेवायचा प्रमाणपत्र मिळालेल्यांचा शब्द पंचाने मानलाच पाहिजे, हे नियमात लिहून घ्या, कारण शेवटच्या पाच मिनिटांत संघ दोन गुणांनी मागे असेल तर कप्तान कोणाचंच ऐकत नाही.

वर्ग पावसाळ्यात ठेवावा. तेव्हा मैदानं रिकामी असतात आणि शाळेचा हॉल मिळतो.

आपला,
कर्जत तालुक्यातील एका क्रीडा मंडळाचा जुना कार्यकर्ता