बारा गुंठे एका जागी

प्लॉटिंगच्या जागेवर लावलेला फ्लेक्स जवळ जाऊन पाहावा. पिवळे चौकोन म्हणजे प्लॉट, राखाडी पट्टे म्हणजे रस्ते आणि एका कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. त्यावर लिहिलेलं असतं, 'ओपन स्पेस'. मग फक्कीच्या रेघा ओलांडत त्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं. पुष्कळदा तिथे नाल्याचा उतार असतो, नाहीतर डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. ज्या तुकड्याला गिऱ्हाईक मिळालं नसतं, तोच मुलांच्या वाट्याला येतो.

मी प्लॉट घेतला तेव्हा हेच झालं. नकाशात समोर बाग दिसली म्हणून चार पैसे जास्त मोजले. तिथे आधी बाभळी वाढल्या, मग विटांचा ढीग आला, मग पत्र्याचं शेड. तक्रार घेऊन गेलो तर विचारणा झाली, 'मंजुरीच्या वेळी तुम्ही कुठे होता?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच हा विषय जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यापुढे, आणि रस्त्यालगतच्या शेतात प्लॉटचे दगड रोवले जाणाऱ्या प्रत्येक गावापुढे, आज मांडतो आहे.

नियम गावाच्या बाजूने आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि ती शक्यतो एकाच ठिकाणी असावी लागते. खरी वाटाघाट या 'शक्यतो' शब्दावर होते. उद्या कुणी तीन एकरांचा ले-आउट आणला, तर १२० गुंठ्यांतले १२ गुंठे खुले राहतील. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. बारा गुंठे एका जागी असले तर ते मैदान बसून लिंबाच्या सावलीला बाकं टाकायलाही जागा उरते. तेच बारा गुंठे तीन-तीनच्या चार तुकड्यांत विखुरले, तर एकाही तुकड्यात खो-खो बसत नाही. कागदावर दहा टक्के दोन्हीकडे पूर्ण.

पळवाट एकच आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीचे एकराच्या आतले पोटहिस्से पाडायचे आणि प्रत्येकाचं रेखांकन वेगळं दाखवायचं. रस्ता तोच, विकणारा तोच, फक्त मैदान गायब. पळवाटेखेरीज एक गैरसमजही आहे, गावठाणालगतच्या जमिनीचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला कर भरल्यावर बिगरशेतीची वेगळी परवानगी लागत नाही. त्यावरून लोक धरून चालतात की ले-आउटही मंजूर करून घ्यायला नको. तसं मुळीच नाही.

रेखांकनाशिवाय विकलेल्या गुंठ्यांचं काय होतं, ते मराठवाड्याने पाहिलं आहे. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांसाठी वाढवली गेली. घरं नियमित झाली, ती व्हायलाच हवी होती. पण कुणीच सोडलं नव्हतं ते मैदान नियमित कसं करणार?

एकदा मंजूर नकाशावर उद्यान आलं की ते राखता येतं. बंगळुरूच्या राजमहल विलास वसाहतीत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवलं. रुग्णालयासारख्या चांगल्या कामासाठीसुद्धा उद्यान देता येत नाही, असा त्याचा अर्थ. पण तिथे उद्यान नकाशात होतं. इथे ते आधी नकाशात नीट आणावं लागेल.

खुल्या जागेचं मोल चारठाण्याला तर सांगायलाही नको. यादवकाळातली देवळं, गोकुळेश्वराची पुष्करणी, तो उंच कोरीव स्तंभ, हे सगळं या गावात आहे. पुष्करणीच्या पायऱ्या कुणाच्या प्लॉटमध्ये मोजल्या गेल्या नाहीत, म्हणून आजही तिथे बसता येतं. जुन्या वास्तूजवळ एखादं रेखांकन येणार असेल, तर खुली जागा त्याच बाजूला घ्यावी, म्हणजे वास्तूलाही श्वास मिळेल आणि मुलांनाही.

डेव्हलपर शत्रू नाही. चांगलं मैदान समोर असलं की त्याचेही प्लॉट लवकर उठतात, हे त्याला पटवून देता येतं. मात्र बोलणी मंजुरीपूर्वी व्हायला हवीत. जागा एकसंध हवी, रस्त्याला लागून हवी, नाल्याच्या काठाला नको. बांधावरचा लिंब तोडायचा नाही. खुल्या जागेच्या चारी कोपऱ्यांना पक्के दगड हवेत आणि सातबाऱ्यावर तशी नोंदही हवी.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा गावातल्या प्रत्येक ले-आउटचा मंजूर नकाशा मागा. तो हातात घेऊन हिरव्या कोपऱ्यात जा, आणि सोबत टेप न्या.