संघटना ही चैन नव्हे!

बौद्ध बंधु-भगिनींनो, “संघटनेच्या नादी लागू नकोस, शीक आणि नोकरी धर,” असा उपदेश जळगाव-धुळ्याच्या आपल्याच घरांतून विद्यार्थ्यांना होतो. तो घातक आहे! १९९० साली जळगावी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. पण कागदावरचा हक्क आपोआप पदरी पडतो काय? शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, मुलाखतीची तयारी, ही वाट दाखविणार कोण? ज्याच्या घरात पदवीधर नाही, त्याचा वडीलभाऊ विद्यार्थी-संघटनाच! शिक्षणाला संघटनेचा आधार लागतो हे जाणूनच बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. मुलामुलींना संघटनेत धाडा. आणि नोकरी लागलेल्यांनो, मागून येणाऱ्यांचे हात धरा! एकट्याची पदवी समाजाचे ऋण फेडीत नाही.