मडके कुणाचे?

भाचीचा वाडगा गेल्या आठवड्यात घरी आला. तीन आठवड्यांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर किनारपट्टीवरच्या एका 'पॉटरी स्टुडिओ'त गेली होती. दोन तास फिरत्या चाकासमोर बैठक, गळ्यात ॲप्रन, मोबाईलवर पन्नास फोटो आणि 'तुमची स्वतःची कलाकृती घरी न्या' असे आश्वासन! शुल्क एवढे, की तेवढ्या पैशांत कुंभाराकडून घरभर मडकी यावीत. वाडगा मात्र देखणा होता. निळसर चकाकी, तळाशी तिचे नाव. पण पोरगी तो उलटसुलट करून बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, माझा वाडगा तर वाकडा होता. हा सरळ कसा झाला?"

मी स्टुडिओला फोन लावला. उत्तर आले, "सर, फिनिशिंग आमचे लोक करतात."

हे 'आमचे लोक' कोण? मंडळी, माझे सगळे भांडण या दोन शब्दांशी आहे.

चाकावर ठेवलेला मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणणे हे कुंभारकामातले पहिले आणि भल्याभल्यांना रडवणारे काम. ते हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही. स्टुडिओत ते दुसराच कुणीतरी चुटकीसरशी करून देतो आणि पाहुण्याने फक्त बोटे टेकवायची. पाहुणा गेल्यावर तो वाडगा खरवडून नीट करायचा, सावकाश वाळवायचा (पुरता वाळला नाही तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो भट्टीत फुटतो), एकदा भाजायचा, चकाकीचे मिश्रण लावून पुन्हा भाजायचा. त्याआधी माती आणणे, चाळणे, भिजवणे, मळणे आहेच. एवढे सगळे ज्याने केले त्याचे नाव कुठेच नाही आणि दोन तास बोटे टेकवणारीचे नाव तळाशी! यात भाचीचा दोष नाही. तिला तर शंका आली. आम्हा मोठ्यांना तीसुद्धा येत नाही.

आमच्या लहानपणीही मातीत हात घालायची सोय होती. चतुर्थीच्या आधी गावच्या चित्रशाळेत पोरांची गर्दी असायची. गणपती करणारे बुवा मातीचा एखादा गोळा हातावर ठेवायचे. त्याचा कुणी उंदीर करायचे, कुणी मोदक. शुल्क नव्हते आणि फोटोही नव्हते. पण पाटावरचा गणपती बुवांचाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचे. 'हा मी केला' असे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जरा झोंबणारी आहे. कुंभाराच्या पोराचे हात मातीने भरले की आपण त्याला मागासलेपण म्हणतो. आमच्या पोरांचे भरले की त्याची 'थेरपी' होते! माती तीच, चाक तेच. फरक फक्त कुणाच्या जातीचा आणि कुणाच्या खिशाचा, एवढाच. २०१९ मध्ये घुमटाला गोव्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला, आपण टाळ्या वाजवल्या. त्या घुमटाचे भांडे घडवणाऱ्या कुंभाराला कोणता मान मिळाला?

लोंढ्यावरून बेळगावला जाताना खानापूरच्या अलीकडे गुंजी स्टेशन लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाव गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. कुणी माऊलीच्या दर्शनाला उतरला तर उतरला. पण गुंजी ज्या खानापूर तालुक्यात येते, तो तालुका मातीसाठी नावाजलेला. खानापूरची कौले आणि खानापूरची मडकी ही सीमाभागातल्या जुन्या माणसांना वेगळी सांगायला नकोत. कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय संस्था खानापुरात निघाली, ती काय उगाच? म्हणजे ज्याला माती शिकायची आहे, त्याची शाळा आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे. आणि आपण मात्र समुद्राकाठी वातानुकूलित खोलीत मातीचा 'अनुभव' विकत घेतो!

कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांच्या बातम्या वाचून आपला ऊर भरून येतो. सीमाभागातल्या मराठीसाठी आपण गळा काढतो. पण त्या भागातल्या मराठी कुंभाराच्या दारात गाडी थांबवून एक माठ घेताना मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. भाषा काय नुसत्या व्यासपीठावर जगते? माती मळण्याचे, थापटण्याचे, आवा लावण्याचे शब्द ज्याच्या तोंडी आहेत, त्याच्या पोराने धंदा सोडला की ते शब्दही गेलेच.

कुणी म्हणेल, "अहो, निदान मुले मातीला हात तरी लावतात! आणि स्टुडिओमुळे चार कारागिरांना काम मिळतेच ना?" मान्य. मुलांनी मातीला हात जरूर लावावा. माझे म्हणणे एवढेच, की तो कुणाच्या दारात आणि कुणाला गुरू मानून लावावा, हे आपण ठरवू शकतो. जपानमधल्या माशिको या कुंभारांच्या गावी पाहुणे जातात, तिथल्या भट्ट्यांवर बसून भांडी करतात. पैसा गावात राहतो. शोजी हमादा हे थोर कुंभार याच गावी स्थायिक झाले. १९५५ मध्ये जपानने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले. ते आपल्या भांड्यांवर नाव घालत नसत. पण नाव न घालणे ही त्यांची स्वतःची निवड होती. 'आमचे लोक' या शब्दांत कुणाचे नाव पुसून टाकणे ही निवड नव्हे, ती चोरी आहे.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही आहे. पण चाक सरकार देईल, त्या चाकासमोर बसणारा पाहुणा कुठून आणणार? तो आपणच पाठवायचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांना घेऊन निघाल तर डिचोलीच्या कुंभाराकडे जा, नाहीतर गुंजीवरून सरळ खानापूर गाठा. स्टुडिओला जे शुल्क निमूट देता, तेच कुंभाराला न कुरकुरता द्या. आणि स्टुडिओतच जायचे असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा, की हे भांडे नीट कोण करणार, भाजणार कोण, त्याचे नाव काय?

असो. भाचीच्या वाडग्याच्या तळाशी तिच्या नावाखाली अजून एका नावापुरती जागा आहे. ते नाव मी स्टुडिओला विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.